गावाच्या पाण्याचा हिशोब कसा मांडायचा: टेप, वही आणि पर्जन्यमापकापासून सुरुवात

ऑक्टोबर उजाडला की आमच्या पर्जन्यछायेतल्या गावांत एकच विषय असतो, यंदा रब्बीला काय करायचं. विहिरी वर आलेल्या असतात, ओढा वाहत असतो, मग ज्याला जे सुचेल ते तो लावतो, कुणी कांदा, कुणी गहू, कुणी उसाचं बेणं आणून ठेवतो. आणि फेब्रुवारी संपता संपता निम्म्या मोटारी हवा ओढायला लागतात. एप्रिलमध्ये तोच माणूस, ज्याने ऑक्टोबरला कांदा लावलेला, टँकरच्या रांगेत हंडा घेऊन उभा. हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता ऑक्टोबरमध्येच पोटात गोळा येतो. पाणी कमी पडलं याचं वाईट वाटतंच, पण त्याहून जास्त वाईट याचं वाटतं की किती आहे हे कुणी मोजलंच नव्हतं, आणि मोजायला फार काही लागत नाही.

ग्रामपंचायतीत नवीन निवडून आलेले, जलसुरक्षक म्हणून काम करणारे, एखाद्या संस्थेत नुकतेच लागलेले, कॉलेजचा प्रोजेक्ट म्हणून गावाचं पाणी घेतलेली पोरं, या सगळ्यांसाठी हे लिहितोय. एक विनंती आधीच करतो, मॉडेलचं, म्हणजे आलेल्या-गेलेल्या पाण्याचा हिशोब करणारं सॉफ्टवेअर डाउनलोड करून बसू नका. ते शेवटी येतं. आधी निदान दोन वर्षं मोजमाप करा, कारण मॉडेल कितीही भारी असलं तरी त्यात घालायला तुमच्या गावाचे आकडे नसतील तर ते दुसऱ्याच कुठल्या तरी गावाचं उत्तर देईल.

सुरुवातीला एवढं पाठ करा

१ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० घनमीटर पाणी पडलं, म्हणजे १०,००० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचा एक टँकर. एवढं डोक्यात बसलं की बाकी सगळं सोपं जातं. हजार घनमीटर म्हणजे १ टीसीएम, त्यात असे १०० टँकर. शासनाच्या कागदांवर सगळीकडे टीसीएम लिहिलेलं असतं आणि नवीन माणूस तिथेच बिचकतो, म्हणून टँकरमध्ये सांगितलं. ग्रामसभेतही टँकरमध्येच सांगा, लोकांना लगेच कळतं.

हद्द ठरवा

पाण्याला ग्रामपंचायतीची हद्द कळत नाही. शेजारच्या गावाच्या माथ्यावर पडलेलं पाणी तुमच्या ओढ्यात येतं आणि तुमचं पुढच्या गावात जातं. म्हणून पहिल्यांदा माथा ते पायथा शिवारफेरी करायची, सोबत एक जुना जाणता गडी आणि एक मोबाईलवाला पोरगा घ्यायचा. कुठल्या टेकडीचं पाणी कुठे उतरतं, कुठे नाला बांध आहे, कुठला पाझर तलाव गळका आहे, कुठली विहीर मेमध्येही आटत नाही, हे सगळं चालताना कळतं. पोरग्याने प्रत्येक ठिकाणी लोकेशन टाकून ठेवायचं. घरी आल्यावर इस्रोच्या भुवन पोर्टलवर किंवा क्यूजीआयएस या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ते ठिपके टाकले की नकाशा तयार. पण हिशोब पाणलोटाचा करायचा की गावाचा हे सुरुवातीलाच ठरवा आणि मग बदलू नका. पीकपेरा, लोकसंख्या, जनावरं हे सगळे आकडे गावाचे मिळतात, त्यामुळे मी तरी गावाची हद्द धरतो आणि बाहेरून येणारा ओढा वेगळा मोजतो.

पाऊस

महारेन या सरकारी वेबसाइटवर महसूल मंडळाचा रोजचा पाऊस मिळतो, तो घ्याच. पण मंडळात बरीच गावं येतात आणि वळवाचा पाऊस तर बांधाच्या अलीकडे पडतो आणि पलीकडे नाही, हे आपल्याला माहितीच आहे. म्हणून गावाचा स्वतःचा पर्जन्यमापक पाहिजे, जमलं तर दोन, एक माथ्याला एक पायथ्याला. विकतचा नसेल तर सरळ बाजूंचा, वरपासून खालपर्यंत एकसारख्या तोंडाचा डबा चालतो, त्यात जेवढे मिलिमीटर पाणी उभं राहील तेवढा पाऊस. मात्र अशा उघड्या डब्यातलं पाणी उन्हाने उडतं, म्हणून वेळेवर मोजायचं.

वेळ सकाळी साडेआठची. हवामान खातंही साडेआठलाच वाचन घेतं, आधीच्या २४ तासांचा पाऊस त्या दिवसाच्या तारखेला लिहितं. तुम्ही सातला आणि कधी दहाला घेतलंत तर तुमचे आणि मंडळाचे आकडे कधीच जुळणार नाहीत.

जागा उघडी पाहिजे. झाड किंवा भिंत जेवढी उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतर सोडून मापक बसवा. एका गावात आम्ही शाळेच्या आवारात मापक बसवलेला, पोरांनी रोज लिहिलं, अगदी मनापासून लिहिलं, आणि हंगाम संपल्यावर बघितलं तर शेजारच्या वस्तीपेक्षा पाऊस बराच कमी. मापकाच्या वाऱ्याकडच्या बाजूला कडुनिंब होता. जून महिन्यात तो छाटलेला होता म्हणून बसवताना कुणाच्या लक्षात आलं नाही, ऑगस्टपर्यंत तो चांगला फुटला आणि निम्मा पाऊस पानांवरच अडला. एवढ्या पोरांची मेहनत होती त्यात, मला अजून त्याची चुटपुट आहे. त्यामुळे महिन्यातून एकदा मापकापाशी उभं राहून चौफेर नजर टाका.

अजून एक, आणि हे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो: पाऊस नाही पडला तर वहीत ० लिहा. जागा कोरी सोडू नका. कोरी जागा म्हणजे पाऊस नव्हता की मोजणारा लग्नाला गेलेला, हे सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही. आणि मोजायचं राहिलं तर 'राहिलं' असंच लिहा, अंदाजाने आकडा भरू नका.

विहीर, हे सगळ्यात महत्त्वाचं

गावात ८-१० विहिरी निवडा. माथ्याकडच्या, मधल्या, पायथ्याच्या, आणि त्यात एक-दोन अशा की ज्यांवर मोटार नाही. नुसत्या ओढ्याकाठच्या घेऊ नका, त्या कायम भरलेल्या दिसतात आणि हिशोब फुगतो. आपल्याकडे लोक विहीर परसात, म्हणजे माणसाच्या उंचीच्या मापात सांगतात, सात परस, आठ परस, पण परस माणसागणिक बदलतो, म्हणून मीटरचा टेप आणायचा.

कठड्यावर एका जागी ऑइलपेंटने लाल खूण करा आणि दरवेळी त्याच खुणेपासून मोजा. कठडा जमिनीपासून किती उंच आहे ते एकदाच मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहा, ते दर वाचनातून वजा करायचं. टेपच्या टोकाला वजन बांधा. बोअरमध्ये किंवा अंधाऱ्या विहिरीत टेप पाण्याला कधी टेकला ते कळत नाही, तिथे टेपच्या शेवटच्या मीटरभर भागाला खडू घासायचा आणि टेप थोडा पाण्यात जाऊ द्यायचा. समजा खुणेपाशी १२ मीटर धरला, वर काढल्यावर खडू शेवटच्या ३५ सेंटिमीटरपर्यंत ओला दिसला, तर पाणी ११.६५ मीटरवर. पुन्हा एकदा करा, दोन्ही आकडे एक सेंटिमीटरच्या आत जुळले तरच लिहा. कठडा ०.८० मीटर असेल तर जमिनीपासून पातळी १०.८५.

कधी मोजायचं? मोटार चालू व्हायच्या आधी. शेतीची लाईट कधी दिवसा असते कधी रात्री, त्यामुळे 'रोज सकाळी' असा नियम करून भागत नाही, त्या आठवड्याचं लाईटचं टाइमटेबल बघून जायचं आणि विहीर किमान सहा-सात तास निवांत राहिलेली असावी. उपसा चालू असताना घेतलेली पातळी खडकातल्या पाण्याची नसते. शेजारच्या विहिरीची मोटार चालू होती का हेही शेरा म्हणून लिहा.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. तुम्ही निदान तेवढं तरी करा, पण गावासाठी महिन्याला एकदा केलंत तर चित्र फार स्पष्ट होतं. तुमच्या तालुक्यात त्यांची निरीक्षण विहीर कुठे आहे ते विचारून घ्या, तिच्या जुन्या नोंदी मिळाल्या तर सोनंच.

बोअर आणि विहीर यांची वाचनं एकत्र करून सरासरी काढू नका. खोल बोअर बऱ्याचदा वेगळ्याच थरातलं पाणी पितो.

विहिरीत डोकावून खडक बघा

मे महिन्यात विहीर आटली की कठड्यावरून आतल्या भिंतीकडे नीट बघा. वर माती, मग मुरूम, मग भेगाळलेला किंवा जाळी पडल्यासारखा मांजऱ्या खडक, आणि खाली गुळगुळीत काळा पाषाण. झरे कुठून येतात ते डागांवरून दिसतं, बहुतेक मुरूम संपतो तिथून नाहीतर मांजऱ्यातून, काळ्या पाषाणातून फक्त भेग असेल तिथेच. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग असाच बेसॉल्टवर आहे आणि आपली सगळी गोची इथेच आहे, कारण हा खडक पाणी फार कमी धरतो. भूजल मोजायच्या केंद्र सरकारच्या पद्धतीत झिजलेल्या, भेगाळलेल्या बेसॉल्टसाठी विशिष्ट उत्पन्न १ ते ३ टक्के, साधारण २ टक्के धरतात. म्हणजे १०० लिटर खडकातून हाताला लागणार २ लिटर.

याचा अर्थ नीट समजून घ्या. विहिरीची पातळी १ मीटर वाढली म्हणजे जमिनीखाली १ मीटर पाणी जमा झालं नाही, फक्त २० मिलिमीटर जमा झालं. आणि उलट बघा, तुम्ही पिकाला पाटाने ५० मिलिमीटरची एक पाळी दिलीत, तर तेवढ्याच क्षेत्राखालची पातळी अडीच मीटर उतरली. काही पाणी परत मुरतं हे खरं, पण थोडं. चार पाळ्या म्हणजे १० मीटर! आजूबाजूच्या पडीक रानाखालचं पाणी सरकून येतं म्हणून विहीर टिकते, नाहीतर एका पिकात खडक कोरडा. हे उदाहरण मी विहिरीच्या काठावर उभं राहून सांगतो तेव्हा लोक गप्प होतात.

ओढा

लहान प्रवाहासाठी पत्र्याची व्ही-नॉच, म्हणजे काटकोनी खाच कापलेला पत्रा, ओढ्यात आडवा घट्ट बसवायचा, बाजूने गळती नको. खाचेच्या खालच्या टोकापासून पाण्याची उंची मागच्या बाजूला, जिथे पाणी संथ आहे तिथे मोजायची. १० सेंटिमीटर उंची असेल तर सेकंदाला साधारण ४.४ लिटर, आणि ५ सेंटिमीटर असेल तर पाऊण लिटरच. उंची निम्मी झाली की प्रवाह पाचव्या हिश्श्याहूनही कमी होतो, म्हणून 'ओढा अजून निम्मा वाहतोय' हे नुसत्या नजरेने ठरवू नये.

मोठ्या प्रवाहाला तरंगतं लाकूड सोडा. १० मीटर जायला २५ सेकंद लागले, रुंदी १.२ मीटर, खोली सरासरी १५ सेंटिमीटर, तर वेग सेकंदाला ०.४ मीटर, तळाशी दगडांमुळे पाणी हळू जातं म्हणून ०.७ ने गुणायचं, मग रुंदीने आणि खोलीने गुणायचं, हिशोब येतो सेकंदाला ५० लिटर. दिवसाला चार टीसीएमच्या वर. पुरात मात्र उतरू नका, काठावरच्या दगडावर पाणी कुठवर चढलं त्याची खूण नंतर करता येते.

पाण्याची प्रतही वर्षातून दोनदा तपासा, पावसाळ्याआधी आणि नंतर. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर नको, फ्लोराइड १ पर्यंत बरं आणि १.५ च्या पुढे अजिबात नको, हे आकडे एका लिटरमागे. गोठे आणि उकिरडे विहिरीला खेटून असतील तर नायट्रेटकडे खास लक्ष द्या. गावातल्या फील्ड टेस्ट किटवर प्राथमिक कळतं, शंका आली तर नमुना प्रयोगशाळेत.

आता मॉडेल, आधी कागदावर

मॉडेल म्हणजे काही जादू नाही, आलेलं पाणी, गेलेलं पाणी आणि उरलेलं पाणी यांचा मेळ. पडलेला पाऊस चार वाटांनी जातो: वाहून, मुरून, मातीत ओल म्हणून राहून, आणि वाफ होऊन.

वाहून किती जातं यासाठी कर्व्ह नंबरची पद्धत शिकून घ्या, ती एक्सेलमध्ये सहज होते. माती आणि जमिनीचा वापर बघून एक नंबर घ्यायचा, समजा ८०. मग साठवण एस म्हणजे २५४०० भागिले ८०, त्यातून २५४ वजा, उत्तर ६३.५ मिलिमीटर. पावसातून ०.२ एस, म्हणजे १२.७, वजा करून त्याचा वर्ग करायचा आणि त्याला पाऊस अधिक ०.८ एस ने भागायचं. एका दिवसात ५० मिलिमीटर पडला तर वाहून जातं १३.८ मिलिमीटर. तोच ५० मिलिमीटर पाच दिवस रोज १० असा पडला तर कोरड्या रानात काहीच वाहत नाही! म्हणून वर्षाचा एकूण पाऊस टाकून वाहणारं पाणी काढू नका, रोजचा पाऊस लागतो, आणि म्हणूनच रोजची वही लागते. आधीचे पाच दिवस रान भिजलेलं असेल तर नंबर वाढवावा लागतो, काळ्या मातीला ०.२ ऐवजी ०.१ किंवा ०.३ घेण्याचीही रीत आहे, ते पुढे शिकालच.

मुरलेलं पाणी मात्र मी विहिरींवरून काढतो, ते जास्त भरवशाचं. समजा गाव १००० हेक्टरचं, पाऊस ५०० मिलिमीटर. पडलं किती, ५००० टीसीएम. आकडा ऐकून छाती फुगते. आता डोंगरउताराचं क्षेत्र सोडून ७०० हेक्टर घेऊ, मे ते ऑक्टोबर पातळी सरासरी ४ मीटर वर आली, २ टक्क्यांनी गुणलं तर हाताशी ५६० टीसीएम. पडलेल्यातलं ११ टक्के. त्यातलं दहावा हिस्सा ओढ्यावाटे आपोआप झिरपून जाणार असं धरा, राहिलं ५०४. दोन हजार माणसं, माणशी रोज ५५ लिटर, वर्षाचे ४० टीसीएम. हजार मोठी जनावरं, रोज ४० लिटरने १५ टीसीएम. हे मिळून ५५ टीसीएम आधी बाजूला काढायचे, त्याला हात लावायचा नाही. शेतीला उरले साधारण ४५०.

आता पिकं मांडा. हरभरा १०० हेक्टर, २५० मिलिमीटरने २५० टीसीएम. कांदा ४० हेक्टर, ५०० मिलिमीटरने २००. इथेच ४५० संपले. आणि गावात २० हेक्टर ऊस असेल, पावसाचं वगळून १५०० मिलिमीटर धरलं, तर त्याचे ३००. वीस हेक्टर ऊस गावातल्या सगळ्या माणसांच्या वर्षाच्या पाण्याच्या साडेसातपट पितो. पिकांचे आकडे ठोकळ आहेत, ठिबक, जमीन, वाण यावर बदलतात, तुमच्या कृषी सहाय्यकांकडून तुमच्या भागाचे घ्या. पीकपेरा तलाठ्यांकडून किंवा ई-पीक पाहणीवरून मिळतो, पण शिवारात फिरून खात्री करा, कागदावरचा ऊस आणि रानातला ऊस यात फरक असतो.

एक चूक सगळे नवीन लोक करतात: पाझर तलावातलं पाणी वेगळं मोजतात आणि पुन्हा विहिरीतही धरतात. तलावाचं पाणी मुरूनच विहिरीत येतं. तलावातून थेट मोटारीने उचलत असाल तेवढंच वेगळं धरा.

ताळा करून बघा

हिशोब मांडला म्हणजे काम संपलं नाही. ऑक्टोबर ते जानेवारी पातळी किती उतरली त्यावरून किती उपसलं ते काढा. मग दुसऱ्या बाजूने, मोटारीवरून काढा: २०० लिटरचा बॅरल ४० सेकंदात भरला तर सेकंदाला ५ लिटर, तासाला १८ घनमीटर, किती मोटारी, किती तास, गुणाकार करा. दोन्ही आकडे दहा-वीस टक्क्यांत जुळले तर फार छान. दुप्पट फरक आला तर आधी २ टक्क्यांवर आणि ७०० हेक्टरवर शंका घ्या, मग मोटारींच्या तासांवर. वाचनं बदलून जुळवू नका. मोजलेलं खरं, धरलेलं बदला.

हे दोन वर्षं जमलं की मग सॉफ्टवेअरकडे वळा. पाणलोटासाठी एचईसी-एचएमएस आणि स्वॅट, भूजलासाठी मॉडफ्लो, तिन्ही फुकट आहेत. पोकरा, म्हणजे राज्य सरकारच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी आयआयटी मुंबईने क्यूजीआयएसवर चालणारं पाण्याच्या ताळेबंदाचं साधन केलंय, ते आपल्या माती-पिकांना धरून असल्याने बघण्यासारखं आहे. २०१९ साली सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत महाराष्ट्रातले १३ जिल्हे होते, तुमचं गाव त्यात असेल तर जलसुरक्षा आराखडा ग्रामपंचायतीत पडलेला असेल, तो मागून घ्या, बरेच आकडे आयते मिळतील.

ग्रामसभेत मांडताना

ऑक्टोबरच्या वाचनानंतर आठ दिवसांत मांडा, पेरणी झाल्यावर त्याचा उपयोग शून्य. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार हेच करतं, पोपटराव पवारांच्या पुढाकाराने तिथे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत ठेवतात आणि त्यावर पिकं ठरतात, शेतीसाठी बोअर घ्यायला तिथे बंदी आहे. एका दिवसात तुमच्या गावात तसं होणार नाही. कुणाचं नाव घेऊन 'तुझ्या उसामुळे' असं म्हणू नका, माणूस उठून जातो आणि पुढच्या वर्षी त्याच्या विहिरीवर टेपही टाकू देत नाही. पंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात चार ओळी लिहा: पडलं किती, हाताशी किती, प्यायला राखलं किती, शेतीला उरलं किती. खाली दर महिन्याची पातळी भरायला रिकामे चौकोन ठेवा आणि ते भरायचं काम गावातल्याच कुणाला तरी द्या, शक्यतो जिला रोज पाणी भरायला लागतं तिला, ती एकही महिना चुकवत नाही.

मग मेच्या शेवटच्या आठवड्यात त्याच विहिरी, त्याच लाल खुणेपासून पुन्हा मोजा. पावसाने आणि उन्हाने खूण पुसट झाली असेल, तर मोजायच्या आधी त्याच जागी पुन्हा रंग द्या.